अकोल्याच्या उन्हात पास झालेलं दार

कुलूप लावल्यावर मी ते तीन वेळा ओढून पाहते. गॅसचा खटका दोनदा. एस.टी.त बसले की आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी शोधते, आणि तिच्यापुढे कुणी बोचकं तर रचून ठेवलं नाही ना, तेही बघते. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की स्वतःच्या लग्नात मी मांडवाचे सगळे खांब हलवून पाहिले होते. साफ खोटं आहे. एकच खांब हलवला होता, आणि तो खरोखरच ढिला होता.

हा संशयी स्वभाव जन्माचा की नोकरीने लावलेला, ते आता सांगता येत नाही. तीस-बत्तीस वर्षं मी यंत्रांची चित्रं काढली, आणि शेवटची काही वर्षं फक्त दारं. विमानातल्या सीटची दारं. हे अमरावतीत कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या ह्यांच्याकडे बघतो. चांदूर रेल्वेला माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विमानाले दार तं एकच असते. ते कोणं ना कोणं पहिलेच बनवलं असन ना?" ही एवढा पगार घेऊन दिवसभर काय करून राहिली, हा संशय तिला शेवटपर्यंत होता.

तर आधी ते दार काय असतं ते सांगते. लांब पल्ल्याच्या विमानांत एक महागडा वर्ग असतो. तिथे सीटचा पलंग होतो आणि सीटभोवती छातीइतक्या उंचीची भिंत असते. म्हणजे एक छोटी खोलीच. त्या खोलीला सरकतं दार. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला तोंड उघडं टाकून झोपलेलं कुणी पाहू नये, इतकाच त्या दाराचा उपयोग. अमरावतीजवळ बेलोऱ्याला आता विमान उतरतं, त्यात हे शोधायला जाऊ नका. त्यात सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहायचीच आहेत.

दार बनवणं सोपं. अवघड आहे ते त्या दारातून माणूस सुखरूप बाहेर काढणं. विमान उडताना आणि उतरताना दार उघडंच राहिलं पाहिजे, आणि उघडं राहून अडकलं पाहिजे, धक्क्याने आपोआप मिटता कामा नये. कर्मचाऱ्यांना वरून आत बघता आलं पाहिजे, बाहेरून उघडता आलं पाहिजे. आणि हे सगळं करूनही एखादवेळी दार बंद असताना सीट वाकली, रूळ चेपला, दार जाम झालं, तर आतल्या माणसाला हत्याराविना, सूचना न वाचता, घाबरलेल्या अवस्थेत, एकट्याने बाहेर पडता आलं पाहिजे. माझी भाकरी या शेवटच्या गोष्टीवर होती.

आमचा उपाय म्हणजे दारातच दुसरं दार. मधला तक्ता चार छोट्या प्लास्टिकच्या क्लिपांवर धरलेला, अंगठ्याच्या नखाएवढी एकेक क्लिप. जोरात ढकललं की क्लिपा सुटतात, तक्ता निघतो आणि माणूस त्या भगदाडातून बाहेर येतो. क्लिप ढिली असेल तर कुणी नुसतं टेकलं तरी तक्त्यासकट चहाच्या गाडीवर पडेल. घट्ट असेल तर एखादी अशक्त बाई आतच राहील. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी असते. तिथे उभं राहायचं आणि प्रत्येकावर संशय घ्यायचा, हा माझा धंदा.

कंपनी बेंगळूरची. तिने अमरावतीत एक लहानसं ऑफिस काढलं तेव्हा मी हट्टाने इकडे आले. चित्रं अमरावतीत व्हायची आणि त्यावरून खरंखुरं नमुन्याचं दार अकोल्यात, हमीदभाईंच्या शेडमध्ये. हमीदभाई तीस वर्षं लोखंडी कपाटं करत होते. अर्ध्या अकोल्यातल्या नवऱ्यामुलींच्या साड्या त्यांच्या कपाटांत आहेत. त्यांच्या कपाटाचं दार बोटाने ढकललं तरी टक्क करून बसायचं. माझं चित्र ते उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, हे बसत नाही. मी आकडे दाखवायचे. ते मान डोलवायचे, करायचे, आणि ते बसायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी मी चित्र बदलायचे आणि कारण भलतंच सांगायचे. त्यांना ते कळायचं. त्यांचा कागदावर विश्वास नव्हता, माझा हातावर नव्हता, तरी चार वर्षं आमचं छान चाललं.

क्लिपांआधीची एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्या दारात निघणारा तक्ता खाली, पायाशी होता. पायात जोर जास्त, लाथ मारली की निघेल, असा आमचा हिशोब. चाचणीला आम्ही ओळखीपाळखीची माणसं बोलावली. माझ्या शेजारच्या कुसुमकाकू नांदगाव खंडेश्वरच्या. त्या आल्या, चपला बाहेर काढल्या, पदर खोचून आत बसल्या. दार लावलं, अडकवलं, आणि सांगितलं की आता कसंही करून बाहेर या. काकू शांत बसून राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या दाराले पाय कसा लावू मी?" त्यांच्यानंतरच्या चौघीही तशाच बसल्या. आग लागली आहे असं सांगितलं तर एकीने हात जोडले. बेंगळूरच्या साहेबांना मी कळवलं की माणसं दाराला लाथ मारत नाहीत. ते म्हणाले, जिवावर आलं की मारतील. मला ते पटलं नाही. जिवावर आल्यावर माणसाला नवीन काही सुचत नाही, सवयीचंच सुचतं. मी भांडले आणि तक्ता वर आणला, दोन्ही हातांनी ढकलायचा केला. पुढे दुसऱ्या देशांतल्या माणसांवरही तेच दिसलं. त्या एका बदलाचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो कुसुमकाकूंचा आहे हेही मी सगळ्यांना सांगते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, तिकडे येते.

नव्या तक्त्याची चाचणी मे महिन्यात ठेवली. अकोल्याचा मे ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगणार. हमीदभाईंची शेड सकाळी सहाला उघडायची, अकराला बंद, मग चार ते सात. मधल्या वेळात पत्रा असा तापायचा की आत उभं राहवत नसे. आमची माणसं आपापली कामं उरकून चारला यायची. मी आठवडाभर धाकट्या बहिणीकडे मुक्काम टाकला होता.

पहिल्या दिवशी आलेली सगळी माणसं बाहेर आली. दुसऱ्या दिवशीही सगळी. काठी टेकत आलेले एक गुरुजी होते, त्यांनी तळहात टेकवला आणि तक्ता निघाला. ते स्वतःच दचकले. सगळे टाळ्या वाजवत होते, मी सोडून. इतक्या वर्षांत माझं कुठलंच दार पहिल्या फटक्यात पास झालं नव्हतं. इतकं सरळ होत नसतं. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं मनात बसलं ते बसलंच.

त्या संध्याकाळी हमीदभाई जवळ आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "मॅडम, या गर्मीत सारंच नरम पडते. हे थंड्यात पाहा लागते."

मी म्हटलं, हमीदभाई, तुम्ही दार बघा, हिशोब मी बघते. मला वाटलं, हा माणूस माझं लक्ष दुसरीकडे नेऊन राहिला.

क्लिपा एका पत्र्याच्या डब्यात असायच्या. प्रत्येकीवर मी बारीक अक्षरात नंबर घातलेला. डबा शेडच्या कपाटात, किल्ली हमीदभाईंकडे. तिसऱ्या दिवशी चारला डबा उघडला तर तळाशी ओल होती. मे महिन्यात, अकोल्यात, ओल. नंबरांचा क्रमही बदललेला. मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या धंद्यात एक पद्धत असते. स्क्रू घट्ट केला की त्यावर रंगाचा एक थेंब टाकायचा. कुणी स्क्रूला हात लावला तर तो थेंब तडकतो आणि चोरी उघडी पडते. मी पर्समधली नेलपॉलिश काढली आणि डब्याच्या झाकणाच्या फटीवर एक थेंब टाकला.

चौथ्या दिवशी चारला थेंब तडकलेला होता. डबा पुन्हा ओला. आणि या वेळी दोन क्लिपांच्या कडांवर बारीक ओरखडे. मला सगळं लख्ख दिसलं. दुपारी शेड बंद असते, तेव्हा हा माणूस क्लिपा पाणी लावून घासतो. घासली की ढिली होते, ढिली झाली की तक्ता झटकन निघतो, दार पास होतं आणि पुढचं कामही यालाच मिळतं. हमीदभाई मघापासून काहीतरी सांगायला घुटमळत होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला.

मी डबा उचलला, त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "हमीदभाई, किती घासल्या?"

आलेली माणसं बाकावर बसून ऐकत होती. हमीदभाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा काही झाला की तो मला आजही आठवतो, आणि तेव्हा तोही मला पुराव्यासारखाच वाटला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमी ठरवूनच आल्या." हात धुतले आणि शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. खुलासा केला नाही, त्याअर्थी चोरी खरी. असा माझा न्याय.

त्याच रात्री बहिणीच्या घरून मी बेंगळूरला मेल पाठवली. नमुन्यांशी छेडछाड, कारागीर बदलावा. दोन ओळी. डबा मी बरोबर घेतला, दार मात्र त्यात बसवलेल्या चार क्लिपांसकट त्यांच्या शेडमध्ये तसंच सोडलं. नवं दार अमरावतीत दुसऱ्या शेडमध्ये करून घेतलं, नव्या क्लिपा घातल्या, त्यांचा डबा रोज स्वतःबरोबर घरी नेला आणि उशाशी ठेवला. जूनची सुरुवात होती. पावसाचा पत्ता नव्हता, पत्रा तसाच तापलेला. पुन्हा सगळी माणसं बाहेर आली. या वेळी मला संशय आला नाही. चोर तर काढून टाकला होता ना. मग आता पास म्हणजे पासच.

चाचणीच्या फॉर्मवर एक रकाना होता, तापमानाचा. त्यात आमच्याकडे सगळे लिहायचे तेच मी लिहिलं. खोलीचं तापमान. तो फॉर्म थंड देशात तयार झालेला. तिकडे खोली म्हणजे स्वेटर घालावा की नाही असा प्रश्न पडणारी जागा. इकडे मेमधली खोली म्हणजे काय, हे त्या फॉर्मला ठाऊक नव्हतं. आणि मी लहानपणापासून अशाच खोल्यांत राहिलेली, मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलंच नाही. बेंगळूरला सही झाली, परदेशात सही झाली. तीन कार्यालयांत एकालाही शंका आली नाही.

थंडीच्या दिवसांत परदेशातल्या प्रयोगशाळेतून एक व्हिडिओ आला. बर्फाळ ठिकाणी रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानात असतं तसं त्यांनी दार गार केलं होतं. आत माझ्याच वयाची एक बाई, अंगात स्वेटर. तिने दोन्ही हातांनी ढकललं. मग खांदा लावला. मग मागे सरकून पुन्हा हात लावले. तक्ता हलला नाही. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि कुणीतरी बाहेरून दार उघडलं. तिथे ते उघडणारं कुणीतरी होतं. मी व्हिडिओ बंद केला आणि मला हमीदभाईंचा तो ओला डबा आठवला. ओला कशाने, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. जानेवारी होता, चांगलीच थंडी. हमीदभाईंचं घर शेडला लागूनच. दार त्यांच्या बेगमनी उघडलं, रुखसानाभाभींनी. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बसवलं, चहा टाकला, आणि स्वयंपाकघरातूनच सांगितलं. आवाज चढवला नाही. "मीच बसली होती ना आत, तुमच्या दारात. नाई निघालं माझ्याच्यानं. हे म्हणे, आज चार वाजता मॅडमले दाखवू."

मग सगळं कळलं. शेजारी लस्सीचं दुकान होतं. मी हिशोबाचं ऐकवल्यावर हमीदभाईंनी दुपारी क्लिपा त्या दुकानाच्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. आधी स्वतः ढकलून पाहिलं, हाताला फरक लागला. पण स्वतःच्या हातावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. दुसऱ्या दुपारी, त्या भट्टीत, त्यांनी भाभींना आत बसवलं. क्लिपा गरम व्हायच्या आत घाईघाईने बसवायच्या आणि काढायच्या, त्यात स्क्रूड्रायव्हर लागून ओरखडे आले. भाभी आत अडकल्या, घामाघूम झाल्या, घाबरल्या. त्यांना बाहेर काढून ते चार वाजायची वाट बघत बसले होते. मी चार वाजता आले आणि डबा त्यांच्या तोंडासमोर धरला.

जे काम मी करायला हवं होतं ते या माणसाने केलं होतं. कुणी सांगितलं नसताना, भर दुपारी, बायकोला आत बसवून. आणि मी त्याला पाच माणसांत चोर म्हटलं होतं. चहा तसाच ठेवून मी उठले.

हमीदभाई शेडमध्ये होते. मी गेले तर त्यांनी 'या' म्हटलं, एवढंच. मी व्हिडिओचं सांगितलं. ते कोपऱ्यात गेले आणि ताडपत्री बाजूला केली. माझं जुनं दार तिथे तसंच होतं, चार क्लिपांसकट. त्यांनी सीटवरची धूळ फडक्याने पुसली आणि हाताने मला आत बसायची खूण केली.

मी चपला बाहेर काढल्या आणि आत बसले. इतक्या वर्षांत एकदाही मी माझ्या कुठल्या दारात अशी बसले नव्हते. मी नेहमी बाहेर, हातात वही. त्यांनी दार सरकवलं आणि अडकवलं. पत्रा गार होता, क्लिपा गार होत्या, विमानात असाव्यात तशा. मी दोन्ही हातांनी ढकललं. मग खांदा लावला. मग, लाज सोडून सांगते, लाथही मारली. तक्ता हलला नाही. मीच काढलेलं चित्र, प्रत्येक क्लिप कुठे आहे ते मला माहीत, तरी हात सारखे चुकीच्या जागी जायला लागले.

बाहेरून हमीदभाईंचा आवाज आला. राग नाही, हसू नाही, रोज माप विचारायचे तसा.

"मॅडम, किती घासू?"

मी कपाळ तक्त्याला टेकलं. "घासू नका," मी म्हटलं. "माझं चुकलं, हमीदभाई. तुमच्यावर घ्यायचा संशय मी दारावर घ्यायला हवा होता."

त्यांनी लगेच उघडलं नाही. मग खटका वाजला.

पुढचं थोडक्यात. प्लास्टिकच्या क्लिपा गेल्या. त्यांच्या जागी हमीदभाईंनी कपाटाच्या दाराला लावतात तशी पोलादी पट्टी वाकवून दिली. उन्हात जेवढी घट्ट, बर्फातही तेवढीच. आधी भाभी आत बसून बाहेर आल्या, मग कुसुमकाकू, मग मी. त्या पट्टीचं दार पुढे सगळीकडे पास झालं आणि आज ते उडतं. फॉर्मच्या त्या रकान्यात आता आकडा लिहावा लागतो, 'खोलीचं' चालत नाही. हेही त्यानंतरच झालं.

फक्त एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. मी बेंगळूरला सविस्तर पत्र लिहिलं की छेडछाड झालीच नव्हती, चूक माझी. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. पण यादीतून एकदा या कारणाने गेलेलं नाव परत येत नाही. पट्टीचं कामही दुसऱ्याच्या नावावर गेलं. मी दोनदा पाठपुरावा केला, मग निवृत्त झाले. माझं पत्र कुठल्या तरी फायलीत असेल आणि माझी ती दोन ओळींची मेलही तिथेच, त्याच्या आधीच्या पानावर.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी अकोल्याला जाऊन त्यांना विचारलं, तुमचं लिहू का? ते कपाटाच्या बिजागरीला तेल देत होते. म्हणाले, "लिहा. पण पुरं लिहा."

म्हणून पुरं लिहिते. त्या दिवशी शेडमध्ये बाकावर जे बसले होते त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी. हमीदभाईंनी क्लिपा घासल्या नव्हत्या. त्या गार केल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.